ज्वारीच्या दाण्यापासून माळरानापर्यंत : सजीवांची रचना पायरी पायरीने कशी पाहावी

आठवी-नववीतल्या मुलाला सजीवांच्या रचनेचे स्तर विचारा. अणू, रेणू, पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था, सजीव, जीवसंख्या, समुदाय, परिसंस्था, जीवावरण अशी सगळी यादी तो एका दमात म्हणून दाखवेल. मग त्याच्या हातात ज्वारीचं एक पान द्या आणि विचारा, "यात ऊती कुठं आहे, दाखव बघू." बहुतेक वेळा गाडी तिथंच अडते. यादी पाठ झालेली असते, पण वस्तू कधी पाहिलेलीच नसते.

पुढं दिलेली रीत सोलापूर आणि आसपासचे पालक, शिक्षक आणि थोडी मोठी मुलं यांच्यासाठी आहे. लागणारं सामान घरात, शेतात, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा गावाबाहेरच्या गायरानात मिळतं. सगळं एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका, हंगामभर सवडीनं करा.

सुरुवातीलाच एक सूत्र हाताशी ठेवा. प्रत्येक पायरीला तिचा स्वतःचा प्रश्न असतो, आणि खालच्या पायरीवर कितीही शोधलं तरी त्याचं उत्तर तिथं मिळत नाही. जन्मदर गावाचा काढता येतो, एकट्या माणसाचा नाही. नाडीचे ठोके माणसाचे मोजता येतात, त्याच्या रक्तातल्या साखरेच्या रेणूचे नाहीत. म्हणून पुढची प्रत्येक पायरी चढताना मुलाला "हे काय आहे?" एवढंच विचारून थांबू नका. "इथं आल्यावर असं काय विचारता येतं, जे खाली विचारता येत नव्हतं?" हेही विचारा.

सोलापुरात हा विषय निघाला की सूत, वीण, नक्षी, चादर अशी उपमा कुणाला तरी सुचतेच. ती चालते, पण थोडीच. चादर बाहेरून कुणीतरी विणतं. सजीवात विणणारा, सूत आणि माग सगळं आतच असतं, आणि विणकाम चालू असतानाच चादर वापरातही असते. ही उपमा एकदा सांगा आणि सोडून द्या.

हंगाम आणि सामान

डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली असते आणि संक्रांतीच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास हुरड्यात येते. वेळ अमावास्येला निम्मा जिल्हा शेतातच जेवायला असतो, तो दिवस तर आयताच मिळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा माळावर मुलं न्यायची असतील तर नऊच्या आत परत या.

सामान असं : शाळेचा साधा सूक्ष्मदर्शक (नसेल तर कागदी फोल्डस्कोपवरही बरंच काम होतं), काचपट्ट्या, नवं ब्लेड, पारदर्शक नेलपॉलिश, चिकटपट्टी, मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन, सर्जिकल स्पिरिट, लाल शाई, प्लॅस्टिकची मोजपट्टी, सुतळी, चार खिळे, दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा आणि एक दोनशे पानी वही. ब्लेड मोठ्या माणसाच्याच हातात राहू द्या.

एक तयारी आठवडाभर आधी करावी लागते. कडब्याचे बोटभर तुकडे तळ्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात टाकून बरणी सावलीत ठेवा, झाकण सैल असू द्या. चार-पाच दिवसांत पाण्याला वास सुटतो आणि वर पातळ साय धरते. ते पाणी फेकू नका, दुसऱ्या पायरीला लागणार आहे.

पहिली पायरी : रेणू, आधी जिभेवर आणि मग डोळ्यांपुढं

रेणू दिसत नाहीत, म्हणून हा भाग वर्गात फळ्यावरच उरकला जातो. खरं तर हुरड्याची आगटी पेटली की रेणूंचा धडा सुरू झालेला असतो. कोवळा हुरडा गोड लागतो, कारण पानांनी तयार करून दाण्याकडं धाडलेली साखर अजून पुरती स्टार्चमध्ये बदललेली नसते. दाणा पिकत जातो तशी साखरेच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी होते, गोडी कमी होते आणि दाणा पिठूळ व टणक बनतो. मुलाला आधी हुरडा खायला द्या, मग पिकलेला कोरडा दाणा चावायला द्या. तोंडात जो फरक कळतो तो रेणूंच्या बांधणीतला आहे.

आता हेच डोळ्यांनी पाहा. आयोडीन पाण्यात मिसळून फिकट तपकिरी करा. पिकलेला दाणा ब्लेडनं उभा कापून त्यावर एक थेंब टाका. बघता बघता तो निळा-काळा होतो. कोवळ्या, दुधाळ दाण्यावर तोच थेंब टाकला तर रंग फिका येतो. तो अजिबात येणार नाही असं मात्र मुलाला सांगू नका, कारण हुरड्यातही थोडा स्टार्च भरलेला असतो. दोन्ही दाणे शेजारी ठेवून तुलना केली तरच या प्रयोगाला अर्थ आहे. कापलेल्या दाण्यात एका बाजूला एक भाग फारसा रंगत नाही. तो अंकुर. तिथं मुख्यतः प्रथिनं आणि तेल असतं.

पुढचा प्रयोग डीएनएचा. अर्धं पिकलेलं केळं कुस्करा. अर्धा कप पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड हलक्या हातानं मिसळा, फेस येऊ देऊ नका. त्यात केळं कालवून दहा मिनिटं ठेवा आणि पातळ फडक्यातून गाळा. बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवून गार केलेलं स्पिरिट ग्लासच्या कडेनं हळूच ओता. दोन थरांच्या मध्ये पांढुरके, शेंबडासारखे तंतू वर येतात आणि ते काडीवर गुंडाळता येतात. स्पिरिट पेट घेतं, गॅसजवळ हा उद्योग करू नका.

साबणानं पेशीच्या पटलातली चरबी मोडते आणि आतला माल बाहेर पडतो. मिठामुळं डीएनएचे धागे एकमेकांजवळ येतात, आणि स्पिरिटमध्ये ते विरघळत नसल्यानं वेगळे होतात. एक गोष्ट मात्र खरी सांगा. काडीवरचा गुंता म्हणजे असंख्य धाग्यांचा गोळा आहे, त्यात प्रथिनं आणि केळ्यातलं पेक्टिनही अडकलेलं असतं. डीएनएचा एक धागा फक्त २ नॅनोमीटर रुंद असतो, तो साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही. माणसाच्या एकाच पेशीतला डीएनए सरळ केला तर लांबी साधारण २ मीटर भरते. ती पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, हे वहीत शेजारीच लिहायला लावा.

दुसरी पायरी : पेशी, आणि ती मोजायची कशी

कांदा सोलापूरकराला कमी पडत नाही. मांसल पापुद्र्याच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा चिमट्यानं ओढा, पाण्याच्या थेंबात काचेवर पसरा, आयोडीनचा एक थेंब द्या आणि वर आच्छादन काच तिरकी टेकवत ठेवा. उभी सोडली की बुडबुडे अडकतात, आणि मुलं त्या गोल काळ्या कडांनाच पेशी समजतात. आधी सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहायचं, मग दहाच्या. विटांच्या भिंतीगत मांडलेले लांबट कप्पे आणि त्यात एकेक पिवळसर ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे केंद्रक.

इतपत सगळेच करतात. पण पेशीचं माप कुणी काढत नाही, आणि माझ्या मते या पायरीवरचं खरं काम तेच आहे. काचपट्टी काढून जागेवर प्लॅस्टिकची मोजपट्टी ठेवा आणि गोल चकतीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दहाच्या भिंगाखाली ते बहुधा दीड ते दोन मिलिमीटर भरतं. आता त्या व्यासात कांद्याच्या किती पेशी आडव्या बसतात ते मोजून भागाकार करा. उत्तर मिलिमीटरच्या अपूर्णांकात येतं. ते मुलानं स्वतः काढलेलं असलं म्हणजे "पेशी सूक्ष्म असते" हे वाक्य त्याला पोकळ वाटत नाही.

रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या कापात असेच रिकामे कप्पे पाहिले होते. वनस्पती असो की प्राणी, सगळे पेशींचेच बनलेले असतात हे श्लायडेन आणि श्वान यांनी मांडलं ते १८३८-३९ साली, म्हणजे मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. पाहणं आणि पाहिलेल्याचा अर्थ लागणं यांत एवढा काळ जाऊ शकतो, म्हणून मुलाला लगेच उमगलं नाही तर चिडू नका.

कांद्याच्या या पेशी हिरव्या नसतात. वनस्पतीची पेशी म्हणजे हरितलवक असणारच, असा समज पुस्तकातल्या आकृतीमुळं होतो. कांदा जमिनीलगत पापुद्र्यांच्या आत वाढतो, त्याला हरितलवक ठेवून करायचं काय?

आता कडब्याच्या पाण्याची बरणी काढा आणि सायीलगतचा एक थेंब पाहा. त्यात चपलेच्या तळव्याच्या आकाराचे, गिरक्या घेत पळणारे जीव दिसतील. ही पॅरामेशियम आणि तिची भावंडं. प्रत्येक जीव म्हणजे एकच पेशी, आणि तीच खाते, तीच पळते, तीच दोन होते. इथं थांबून पुस्तकातली शिडी थोडी हलवा. सगळ्या सजीवांना ऊती, अवयव, संस्था या पायऱ्या चढाव्या लागतातच असं नाही. या थेंबातल्या जीवांसाठी पेशी आणि संपूर्ण सजीव ही एकच पायरी आहे. दहावीच्या पुस्तकात प्राण्यांचं वर्गीकरण करताना पेशीस्तर, ऊतीस्तर, अवयवस्तर असे शब्द येतात ते याच अर्थानं. स्पंज पेशींपाशी थांबला, हायड्रा ऊतींपाशी, आपण पार अवयवसंस्थांपर्यंत आलो. याचा अर्थ स्पंज नापास झाला असा नाही.

तिसरी पायरी : ऊती आणि अवयव

ज्वारीचं हिरवं धाट तिरकं कापून लाल शाईच्या पाण्यात सकाळी उभं करा, पानं तशीच ठेवा. दुपारपर्यंत पानांच्या शिरांत लाली उतरू लागते. मग धाटाचा मधला भाग आडवा कापा. पांढऱ्या गाभ्यात लाल ठिपके विखुरलेले दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांचा एक जुडगा. तुरीच्या कोवळ्या फांदीवर हाच प्रयोग केला तर लाली कडेनं वर्तुळात मांडलेली दिसते. एकदल आणि द्विदल यांतला हा फरक एका दुपारी असा पाहिला की पुन्हा घोकावा लागत नाही.

ऊती म्हणजे एका कामाला लागलेल्या सारख्या पेशींचा गट, हे आता बोटानं दाखवता येतं. पण एकटी वाहक ऊती म्हणजे पान नव्हे. पानाला वरचं आवरण लागतं, आतला हिरवा भाग लागतो, आणि हवा आत-बाहेर करायला दारं लागतात. ती दारं पाहू.

ज्वारीच्या पानाची खालची बाजू कापडानं हळू पुसून त्यावर नेलपॉलिशचा पातळ थर द्या. पंधरा मिनिटांत तो वाळतो. त्यावर चिकटपट्टी दाबून ओढली की पापुद्रा निघून येतो. तो काचपट्टीवर चिकटवून आधी दहाच्या आणि मग चाळीसच्या भिंगाखाली पाहा. हा पानाचा ठसा आहे, त्यात रंग दिसणार नाहीत. उजेड थोडा कमी केला तर कडा उठून येतात. रांगेत मांडलेली पर्णरंध्रं दिसतील, प्रत्येकाच्या दोन बाजूंना व्यायामाच्या डंबेलच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी. जास्वंदीच्या पानाचा ठसा घेतला तर रंध्रं विखुरलेली आणि रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या. गवतवर्गाची ही खूण आहे, आणि ज्वारी हे शेवटी गवतच. पानाच्या वरच्या बाजूचाही ठसा घ्या. ज्वारीला दोन्हीकडं रंध्रं असतात.

अवयवाचा प्रश्न असा : पाणी जाऊ न देता हवा आत कशी घ्यायची? एकट्या रक्षक पेशीला हा प्रश्न पडत नाही, तो पानाला पडतो.

अवयवसंस्थेवर फार वेळ घालवायची गरज नाही. मुलाला बसल्या जागी नाडी मोजायला लावा, मग जिना दोनदा चढून-उतरून परत मोजायला लावा. स्नायूंनी मागणी केली, फुप्फुसांनी आणि हृदयानं ती पुरवली. तीन संस्था एकाच मिनिटात कामाला लागलेल्या दिसतात.

चौथी पायरी : अख्खं ताट, म्हणजे ज्वारीचं एक पूर्ण रोप

शेतात जाऊन ज्वारीचं एकच ताट निवडा, त्याला रंगीत दोरा बांधा आणि उजाडताना, दुपारी दोनला आणि दिवस मावळताना पाहा. वरच्या पानांची कड कितपत वळली आहे याचं चित्र वहीत काढा. जमिनीत ओल कमी असेल तर दुपारी पान नळीगत वळतं आणि पहाटे परत पसरतं. पानाच्या वरच्या आवरणात काही मोठ्या, फुगीर पेशींच्या रांगा असतात. त्यांतलं पाणी घटलं की त्या लुळ्या पडतात आणि पान मिटतं, म्हणजे उन्हाला कमी जागा मिळते. पेशींचं आकसणं खालच्या पायरीवरचं आहे, पण ऊन चुकवण्याचा डाव अख्ख्या ताटाचा आहे. मुळं खोलवरची ओल उपसत असतात, पान खर्च आवरतं, आणि त्या जोरावर कणसात दाणा भरतो.

सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. पावसाळ्यात काळ्या जमिनीनं जी ओल धरून ठेवली तिच्यावरच रब्बीची ज्वारी काढायची असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणांतून निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी टिकली ती यामुळंच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

इथं थोडं आडवाटेला जाऊ. ज्वारी काढल्यावर कडबा म्हशीपुढं पडतो. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस तो खाऊन दूध देते, आपल्याला मात्र कडबा पचत नाही. गंमत अशी की म्हशीलाही तो एकटीनं पचत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जीवाणू आणि एकपेशीय जीवांची दाट वस्ती असते, ती कडब्यातलं सेल्युलोज फोडते. म्हणजे दावणीला बांधलेली म्हैस हा एक सजीव आहे, आणि त्याच वेळी पोटात एक आख्खा समुदाय वागवणारी परिसंस्थाही. पुस्तकातल्या पायऱ्या एकीवर एक ठेवलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्या एकीच्या पोटात दुसरी अशा असतात.

पाचवी पायरी : जीवसंख्या. इथं बहुतेकजण घसरतात

एक ताट पाहून झालं की पुढं "खूप ताटं" असं म्हणून मुलं मोकळी होतात. जीवसंख्या म्हणजे एका जागी, एकाच वेळी राहणारे, आपसांत पुनरुत्पादन करू शकणारे एकाच जातीचे सजीव. तिचा प्रश्न आहे : ही संख्या वाढते आहे की घटते आहे, आणि का?

पेरलेलं शेत यासाठी कामाचं नाही, तिथली संख्या शेतकऱ्यानं ठरवलेली असते. गावाबाहेरच्या गायरानात रुई पाहा. वीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद जागा सुतळीनं आखा आणि तिथल्या रुईच्या झाडांची चार गटांत मोजणी करा : बोटभर रोपं, फुलावर न आलेली, फुललेली, वाळू लागलेली. बेरजेपेक्षा या गटांचं एकमेकांशी प्रमाण जास्त बोलकं असतं. रोपं भरपूर असतील तर रुई तिथं पसरते आहे. सगळी झाडं थोराड असतील आणि एकही रोप नसेल, तर आज झुडपं कितीही दाट दिसोत, पुढचं सांगता येत नाही. फळ फुटून उडणाऱ्या म्हाताऱ्या कुठल्या दिशेला जातात तेही पाहा, नवी रोपं बहुधा तिकडंच सापडतील. एक सावधगिरी घ्या : रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पानं तोडू द्यायची नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय कुणी डोळे चोळायचे नाहीत.

ही पायरी खाली निखळते म्हणजे काय होतं, ते पाहायला सोलापूरकराला दूर जायला नको. बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. गेल्या काही वर्षांत तिथं माळढोक दिसलाच तर एखाददुसरा. आता असा प्रश्न विचारा : नान्नजला माळढोक आहे का? एक पक्षी दिसला तर सजीवाच्या पायरीवर उत्तर "हो" असं येतं. त्याच्या पेशी धडधाकट, अवयव ठीक, पंख शाबूत. पण जोडीदार नाही, पिल्लू नाही, जन्मदर नावाची गोष्टच उरलेली नाही. जीवसंख्येच्या पायरीवर उत्तर "नाही" असं आहे. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. मुलाला हा पेच नीट कळला तर त्याला ही पायरी कळली.

नान्नजला जायचं तर वनखात्याची परवानगी आणि नियम आधी विचारून घ्या, ठरलेल्या वाटेवरच राहा आणि आतलं गवतही उपटू नका. काळवीट बहुधा दिसतंच. मोजणीचे प्रयोग अभयारण्याच्या बाहेर करा.

सहावी पायरी : समुदाय

परत त्याच रुईकडं या आणि एका फुललेल्या झुडपापाशी अर्धा तास बसा. शेंड्यांवर पिवळा मावा चिकटलेला असेल, आणि तो खाणारे ढालकिडे. पानावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. पिवळ्या-निळसर रंगाचा ढब्बू नाकतोडाही रुईवरच पोसतो आणि तोही विषारी. फुलांवर काळे भुंगे घोंघावत असतात, परागीभवनाचं काम त्यांच्याकडं. शेळ्या-मेंढ्या रुईला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चरून उजाड झालेल्या गायरानात रुई माजलेली दिसते.

वहीत प्रत्येक जीवाचं नाव लिहून बाण काढा, "खातो", "खाल्ला जातो", "पराग नेतो" असे. नाव माहीत नसेल तर "लाल पायांचा किडा" लिहिलं तरी चालेल. नावापेक्षा नातं महत्त्वाचं. एकट्या रुईची कितीही मोजणी केली असती तरी हे बाण हाती आले नसते.

सातवी पायरी : परिसंस्था

सजीवांचं माती, पाणी, ऊन यांच्याशी जे देणंघेणं चालतं ते इथं मोजायचं. दोन्ही तोंडं उघडा डबा गवताळ जागी दोन बोटं जमिनीत दाबून बसवा, त्यात एक लिटर पाणी ओता आणि जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहा. हाच डबा मग जवळच्या तुडवलेल्या पायवाटेवर बसवा. पायवाटेवर पाणी बराच वेळ तुंबतं. काळ्या रानात भेगा पडल्या असतील तर तिथं हा प्रयोग करू नका, पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि आकडा फसवा येतो. मुरमाड माळ किंवा शाळेच्या मैदानाची कड बरी.

यातून जे दिसतं ते एकट्या गवताच्या काडीत नाही आणि एकट्या मातीतही नाही. मुळांनी केलेली वाट, मुंग्या-वाळवीची बिळं, कुजलेला पाला आणि मुरूम हे सगळं मिळून पाणी जिरवतात.

ऊर्जेचा हिशेबही याच पायरीवरचा. गवताकडून नाकतोड्याकडं, नाकतोड्याकडून भोवत्यासारख्या शिकारी पक्ष्याकडं जाताना दर टप्प्याला ढोबळमानानं दहावा हिस्साच पुढं पोचतो. रेमंड लिंडमननं १९४२ साली एका तळ्याचा असा हिशेब मांडला होता. म्हणूनच माळावर नाकतोडे पायापायाला उडतात आणि भोवत्या एखादाच दिसतो.

इथं माझं एक मत सांगून ठेवतो. झाड लावणं हे नेहमीच पुण्याचं काम, ही समजूत पायऱ्यांची गल्लत केल्यामुळं होते. झाड हा सजीव चांगलाच. पण हिरवळ करण्याच्या उत्साहात गवताळ माळावर ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडं उभी केली, तर ज्या पक्ष्यांना दूरवर मोकळं दिसायला हवं त्यांची जागा जाते. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, ती गवताची परिसंस्था आहे. शाळेत वृक्षारोपणाचा खड्डा खणण्याआधी तिथं मुळात काय होतं ते विचारा.

आठवी पायरी : जीवावरण, दाराशी आलेलं

एवढी मोठी गोष्ट दाखवायची कशी, हा प्रश्न हिवाळ्यात भोरड्या सोडवतात. ज्वारी दाण्यात आली की या गुलाबी-काळ्या मैनांचे थवे शिवारावर उतरतात आणि राखणदाराला गोफण घेऊन माळ्यावर चढावं लागतं. त्यांची घरटी मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशांत असतात आणि तिथं त्यांचं मुख्य खाणं टोळ आणि नाकतोडे. म्हणजे सोलापूरच्या ज्वारीतला स्टार्च पंखात भरून काही हजार किलोमीटर दूर जातो. त्या स्टार्चमधला कार्बन ताटानं हवेतून घेतलेला होता, आणि हवेला जिल्ह्याची हद्द नसते. नकाशा उघडा, दोन ठिपके जोडा. या पायरीला याहून वेगळं सामान लागत नाही.

या पायऱ्या कामाला लावायच्या तर

परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण ज्यांच्या घरी डाळिंबाची बाग आहे त्यांनी पुढं जाऊन तेल्या रोगावर ही रीत वापरून पाहावी. वहीत पायऱ्यांची नावं उभी लिहा आणि प्रत्येकीसमोर रोगाचं काय चाललंय ते भरा.

पेशी : रोग करणारा झँथोमोनस हा जीवाणू, एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा. बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची) फवारणी त्याच्यावरचा उपाय. ऊती आणि अवयव : पर्णरंध्रांतून, म्हणजे नेलपॉलिशच्या ठशात दिसलेल्या तसल्याच दारांतून, किंवा जखमेतून तो आत शिरतो. पानावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं. रोगट फांद्या छाटून नष्ट करणं हा या पायरीवरचा उपाय. सजीव : झाडाला ताण आणि खत किती, यावर त्याची ताकद ठरते.

जीवसंख्येसमोर लिहायला लोक विसरतात. जिल्ह्यातल्या बहुतेक बागा भगवा वाणाच्या, आणि गुटी कलमानं, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून, वाढवलेल्या. म्हणजे हजारो झाडं जनुकांनी जवळपास एकच. ज्या रोगाला एक झाड बळी पडतं त्याला सगळीच पडू शकतात. रोगट बागेतून कलमं आणली तर रोग रोपासोबतच घरी येतो, म्हणून खात्रीच्या निरोगी रोपांना पर्याय नाही. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला लागवडीआधीच घेतलेला बरा, डाग पडल्यावर नव्हे.

परिसंस्थेसमोर पाऊस लिहा. थेंब आपटून उडालेल्या पाण्यानं जीवाणू पानावरून पानावर जातो, दमट हवेत तो फोफावतो. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणारी फुलं, धरला तर फळं वाढायची वेळ नेमकी पावसाळ्यात येते. हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना येणारी फुलं, धरला तर फळं कोरड्या हवेत पोसतात, म्हणून तेल्याचा त्रास असलेल्या भागात हस्त बहाराकडं वळायला सांगतात. नुसती फवारणी वाढवूनही रोग आटोक्यात येत नसेल, तर वहीतली पेशीसमोरची ओळ सोडा आणि खालच्या दोन ओळींत काय भरलंय ते आधी पाहा.